सायकलचे भाग क्रोमला देण्याआधी घरी काय तयारी करावी?

रंकाळा_पेडल

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे आसनसोलच्या सेन-रॅले कारखान्यातली जुनी सायकल आहे. रॉड ब्रेक, २८ इंची चाकं, पितळेने झाळलेल्या लगांची (नळ्या जोडणाऱ्या सांध्यांची) फ्रेम. फ्रेम सरळ आहे, तडा कुठेही नाही. तिला पुन्हा काळाच रंग द्यायचाय. पुढचा चिमटा, हँडल, क्रँक, चेनव्हील आणि ब्रेकचे रॉड मात्र क्रोम करून घ्यायचे आहेत. चिमट्यावर मागे कोणीतरी चंदेरी रंग फासलाय, त्याखाली गंजाचे खड्डे हाताला लागतात.

इथे कोल्हापूरच्या उद्यमनगरात चौकशी केली. सगळीकडे एकच उत्तर, "आणून टाका, आठवड्यात घेऊन जावा." खड्ड्यांचं काय विचारलं तर "बफ मारला की निघतंय." (बफ म्हणजे पॉलिशचं फिरतं चाक.) मला हे पटत नाही. मित्राने गेल्या वर्षी चिमटा असाच देऊन टाकला होता. एका पावसाळ्यात क्राउनजवळ (चिमट्याची दोन पाती वर जुळतात तिथे) पापुद्रा सुटला, नखाने उचलला तर बोटभर निघून आला. लगाच्या कोपऱ्यात जुना रंग तसाच राहिला होता आणि सोलायला सुरुवात तिथूनच झाली होती.

म्हणून तयारी स्वतः करून मगच भाग द्यायचे असं ठरवलंय. रंग कसा काढावा, घरी कुठपर्यंत घासावं, खड्डे कशाने भरावेत, आट्यांचं काय करावं, आणि चिमट्याच्या पोकळ नळ्यांत ॲसिड शिरतं त्याला उपाय काय? ज्यांनी हे काम जवळून पाहिलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

भोसरीकर_बफवाला

दादा, भोसरीत प्लेटिंगच्या शॉपमध्ये माझी उमेदीची वर्षं गेली. पॉलिशला होतो, टाक्यांवरही होतो. जमेल तसं सांगतो.

आधी थरांचं समजून घ्या. शोभेच्या कामात क्रोमचा थर असतो पाव ते अर्धा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉनचा धरला तर क्रोम किती पातळ ते लक्षात येईल. झळाळी दिसते ती खालच्या निकलची. क्रोम त्या निकलला पिवळट पडू देत नाही, ओरखडे पडू देत नाही आणि निळसर छटा देतं, एवढंच त्याचं काम. आणि निकल खालच्या लोखंडाची नक्कल करतं. ब्राइट निकल अगदी बारीक रेघा थोड्या भरून काढतं हे खरं, पण कानशीची खूण किंवा गंजाचा खड्डा भरत नाही. उलट रंगाखाली जो दोष कधी दिसला नसता तो क्रोमखाली दहा फुटांवरून दिसतो.

रंग काढायला पेंट रिमूव्हर लावा, उघड्यावर, जाड रबरी हातमोजे घालून. जुना भट्टीचा रंग असेल तर तो हट्टी असतो, दोन-तीनदा लावावा लागतो. लगाच्या कडेला आणि क्राउनच्या खाली पितळी ब्रशने कोरून काढा. शॉपमध्ये गरम कॉस्टिक सोड्याच्या टाकीत रंग काढतात, घरी त्या फंदात पडू नका, डोळे जातील.

मग घासणं. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात, मग १८०, २४०, ३२०. नळीवर घासताना प्रत्येक नंबरला दिशा बदला. १२० ने आडवं घासलं तर १८० ने तिरकं. आधीच्या दिशेची एकही रेघ दिसेनाशी झाली की मगच पुढचा कागद हातात घ्या. लोक चुकतात ते इथे. १२० च्या रेघा राहिलेल्या असताना ४०० चा कागद चालवतात, पृष्ठभाग चमकायला लागतो, वाटतं झालं. निकल चढलं की त्या १२० च्या रेघा परत वर येतात. कागदाला थोडं रॉकेल किंवा पातळ तेल लावलं तर तो तुंबत नाही. ३२० ला थांबा. पुढचं काम सायसलचा (घायपाताच्या धाग्याचा) बफ आणि त्याला लावायचा कटिंगचा मसाला करतो, ते शॉपमध्ये होऊ द्या.

लगाच्या कडा मात्र मशीनच्या बफला देऊ नका. बफ फिरतो तो धार खात जातो, आणि लगाची रेखीव कड गोल होऊन नळीत विरघळते. ती गेली की परत येत नाही. कापडी पाठीच्या पॉलिश पेपरची बोटभर रुंद पट्टी फाडा, ती लगाच्या कडेला समांतर धरा आणि दोन्ही हातांनी, बूट पॉलिशवाला फडकं ओढतो तशी ओढा. खाचेतल्या बारीक जागेला लाकडी काडीवर कागद गुंडाळून घासा. वेळ जातो, पण जुन्या सायकलचं सौंदर्य ह्याच कडांमध्ये आहे.

खड्डे आणि आतल्या ॲसिडचं रात्री लिहितो.

मिरजेचा_पाना

वाचनखूण साठवली. काका, पु.भा.प्र. (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

पोलाद_आणि_पाणी

बफवाले काकांचं सगळं पटलं. एक भर घालते. फ्रेमवर किंवा क्रँकवर ठोकलेला नंबर असेल तर आधी त्याचा जवळून फोटो काढून ठेवा. बफखाली उथळ नंबर सहज नाहीसा होतो, आणि जुन्या सायकलची ओळख तोच असतो. पॉलिश करणाऱ्यालाही त्याभोवती खडूने गोल करून दाखवा.

दुसरं, घासायला सुरुवात करण्याआधीच चिमटा सरळ आहे का ते तपासा. ब्राइट निकल ठिसूळ असतं. प्लेटिंगनंतर चिमट्याची पाती थोडी जरी वाकवून जुळवायला गेलात तरी थराला बारीक तडे जातात, त्यातून पाणी शिरतं. फ्रेमच्या मागच्या त्रिकोणासाठी दोऱ्याची जुनी पद्धत आहे. मागचं चाक बसतं त्या एका खाचेतून दोरा बांधून हेड ट्यूबला (हँडलखालच्या नळीला) वळसा घालून दुसऱ्या खाचेला ताणून बांधायचा, आणि सीटच्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर मोजायचं. सारखं आलं तर मागचा भाग मध्यावर आहे. वाकवाकवी, झाळणं, भोकं पाडणं, हे सगळं प्लेटिंगच्या आधी.

जुन्नर_ते_जर्मनी

सँडब्लास्टिंग का नको? रंग, गंज सगळं एका तासात साफ. लगाच्या कोपऱ्यातलंही निघतं, जे ब्रशने कधी निघत नाही.

भोसरीकर_बफवाला

सँडब्लास्ट वाईट नाही, पण तो रंगासाठी चांगला, क्रोमसाठी जपून. जाड रेतीने ब्लास्ट केलं की सगळीकडे बारीक टिंबं पडतात. रंगाला ती धरायला चांगली, क्रोमखाली मात्र ती सगळी परत घासून काढावी लागतात, म्हणजे काम दुप्पट. सायकलची नळी पातळ असते, एक मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी, तिथे एवढं घासणं परवडत नाही. कोपऱ्यांपुरता बारीक काचेच्या मण्यांचा ब्लास्ट कमी दाबाने मारून घ्या, उघडी नळी कागदाने करा.

झाळीच्या कामात ब्लास्टचा एक मोठा फायदा आहे. पितळेने झाळताना टाकणखाराचा फ्लक्स वापरतात, तो थंड झाला की काचेसारखा कडक होतो. लगाच्या कडेला कधीकधी हिरवट-काळी काचेची कणी दिसते ती तीच. ॲसिडला ती दाद देत नाही, वीज तिच्यातून जात नाही, म्हणजे तिथे निकल चढणारच नाही. बराच वेळ गरम पाण्यात बुडवून ठेवून मग टोकदार सळईने उडवा, नाहीतर तेवढ्या जागेला ब्लास्ट.

आता खड्डे. लांबी, पुट्टी, इपॉक्सी, काहीही चालत नाही. ज्यातून वीज जात नाही त्यावर धातू चढत नाही. उथळ खड्डे घासूनच काढायचे. खोल असतील तर दोन मार्ग. एक, खड्ड्यात पितळेचा किंवा चांदीच्या झाळीचा थेंब सोडून कानशीने सपाट करणं. पण पातळ नळीवर पुन्हा पुन्हा आच देणं चांगलं नाही, एखाददुसऱ्या खड्ड्यापुरतंच करा. दुसरा मार्ग तांब्याचा. शॉप तांब्याचा जाड थर चढवतं, बफ मारतं, वरचं तांबं घासलं जातं आणि खड्ड्यातलं राहतं. पुन्हा तांबं, पुन्हा बफ. कामगार ह्याला कंटाळतात कारण वेळ जातो, पण गंज खाल्लेल्या भागाला हाच खरा इलाज.

तांबं कसं चढवतात हेही विचारा. आधी सायनाइड कॉपरचा (सायनाइडच्या द्रावणातून चढवलेल्या तांब्याचा) पातळ थर हवा, त्यावर ॲसिड कॉपर. शाळेत मोरचुदाच्या पाण्यात खिळा बुडवून पाहिला असेल, क्षणात तांबं चढतं पण बोटाने पुसलं जातं. लोखंड थेट ॲसिड कॉपरच्या टाकीत घातलं की नेमकं तेच होतं. वरून छान दिसतं, धरलेलं काही नसतं. सायनाइडचं काम परवाना आणि देखरेख असलेल्या शॉपमध्येच होऊ द्यावं.

रत्नागिरीची_सायकल

आमच्याकडे समुद्राची हवा. क्रोमच्या हँडलवर वर्षभरात लाल टिपके येतात. मूळ कंपनीचं हँडल मात्र वर्षानुवर्षं टिकलंय. फरक कशात?

पोलाद_आणि_पाणी

निकलच्या जाडीत. क्रोमच्या थराला बारीक तडे असतातच, पाणी निकलपर्यंत पोचतंच. लोखंडाचं रक्षण निकल करतं, पण ते झाकूनच. जस्तासारखं स्वतः झिजून लोखंड वाचवत नाही. निकलला सुईच्या टोकाएवढं छिद्र राहिलं की लोखंड तेवढ्याच जागी झपाट्याने गंजतं, कारण भोवतीचं निकल आणि क्रोम त्याच्यापेक्षा उदात्त, म्हणजे सहज न गंजणारे, धातू आहेत. तुमचे लाल टिपके म्हणजे ती छिद्रं.

बाहेर उन्हापावसात राहणाऱ्या वस्तूला २० ते ३० मायक्रॉन निकल हवं. वीजप्रवाह दर चौरस डेसिमीटरला ४ अँपिअर धरला तर मिनिटाला साधारण ०.८ मायक्रॉन चढतं. म्हणजे २५ मायक्रॉनला अर्धा तास लागणार. पाच-सात मिनिटांत बाहेर काढलेल्या वस्तूवर पाचेक मायक्रॉनच असतं, ती दिसायला अगदी सारखीच दिसते. म्हणून शॉपला "निकलच्या टाकीत किती वेळ ठेवता" हा प्रश्न जरूर विचारा. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी दुहेरी निकल मागावं, खाली सेमी-ब्राइट आणि वर ब्राइट. ब्राइट निकलमध्ये गंधक असतं, ते आधी झिजतं, त्यामुळे गंज खाली लोखंडाकडे न जाता आडवा पसरतो.

रंकाळा_पेडल

सगळ्यांचे मनापासून आभार. चिमट्यावरचा रंग काढला. क्राउनखाली खरंच हिरवट काच निघाली, काका म्हणाले तशीच. डाव्या पात्यावर मटकीएवढे दोन खड्डे आहेत, बाकी उथळ. आता आटे आणि आतल्या पोकळीचं सांगा. चिमट्याच्या टोकाकडे कुठे भोक आहे असं दिसत नाही.

भोसरीकर_बफवाला

हा भाग नीट वाचा, कारण बहुतेक सायकली इथे बिघडतात.

चिमट्याची पाती पोकळ आहेत. वरून ती क्राउनमध्ये झाळलेली, खाली टोकं चपटी किंवा बंद. झाळीत केसाएवढी फट असली तरी गरम कॉस्टिक, मग हायड्रोक्लोरिक ॲसिड, मग निकलचं पाणी, सगळं त्या फटीतून आत शोषलं जातं. बाहेरून वस्तू धुतली जाते, आतलं धुतलं जात नाही. महिन्याभराने झाळीच्या कडेने हिरवट-पांढरा रस पाझरायला लागतो, कितीही पुसा, परत येतो. आतून नळी गंजत असते ते वेगळंच. हवा पूर्ण कोंडलेली असेल तर वस्तू टाकीत तरंगते, आणि ओल राहिलेली बंद नळी नंतर भट्टीत तापवली तर वाफेने फुटू शकते.

तेव्हा प्रत्येक पोकळीला दोन भोकं हवीत, एक वर, एक खाली, म्हणजे एकातून पाणी जाईल आणि दुसऱ्यातून हवा निघेल. ३ ते ४ मिलिमीटरचं भोक पुरतं. चिमट्यात खालचं भोक पात्याच्या आतल्या बाजूला, चाकाकडे तोंड करून, टोकापासून थोडं वर. वरचं क्राउनच्या खालच्या बाजूने. पाती जिथे वाकतात तिथे किंवा क्राउनच्या अगदी कडेला कधीही भोक पाडू नका, सगळा ताण तिथेच येतो. भोकाची कड कानशीने मोडून घ्या. फ्रेम क्रोम करणाऱ्यांनी मागच्या नळ्यांची भोकं बॉटम ब्रॅकेटच्या (पायडलचा आस बसतो त्या नळीच्या) आतून पाडावीत, बाहेरून दिसत नाहीत. भोक पाडल्यावर नळीतून पाणी सोडून पाहा, ते मोकळं वाहिलं पाहिजे. आतून गंजाची भुकटी निघेल, ती निघेपर्यंत धुवा.

फटी नुसत्या नळ्यांनाच असतात असं नाही. मडगार्डची दुमडलेली कड, वेस्टवुड रिमची (रॉड ब्रेकच्या जुन्या चाकाच्या रिमची) गुंडाळलेली कड, हँडलला झाळलेले ब्रेक रॉडचे कान, ह्या सगळ्या जागा ॲसिड धरून ठेवतात. गंजलेली वेस्टवुड रिम परत क्रोम करायला लोक आणायचे तेव्हा मी स्पष्ट नाही म्हणायचो. कडेतला गंज काढायचा कसा?

प्लेटिंग होऊन आल्यावर त्याच दिवशी आत गरम पाणी, मग धुण्याच्या सोड्याचं पाणी, परत गरम पाणी, आणि उन्हात किंवा गरम हवेने पूर्ण कोरडं. मग आत पातळ तेल ओतून चिमटा फिरवा, जास्तीचं निथळू द्या.

नॉटिंगहॅमकर

आट्यांबद्दल मी सांगतो. रॅले ही इंग्लंडची सायकल कंपनी जिथे सुरू झाली त्या नॉटिंगहॅममध्ये राहतो आणि जुन्या सायकलींचं काम हौसेने करतो.

निकल-तांबं मिळून २५-३० मायक्रॉन चढलं तर आट्याच्या दोन्ही बाजूंना चढतं. नट जातच नाही किंवा जबरदस्तीने घातला तर थर सोलून निघतो. चिमट्याच्या दांड्यावरचे आटे, बॉटम ब्रॅकेटचे आटे, क्रँकमधलं पायडलचं भोक आणि कॉटर पिनचं (क्रँक आसावर घट्ट करणाऱ्या खिळीचं) भोक, सगळं झाकून द्यायचं. शॉपकडे प्लेटिंगचं लॅकर किंवा टेप असते. आट्यांवर जुना नट पूर्ण चढवून ठेवणं सगळ्यात सोपं. हेड ट्यूबच्या तोंडात बेअरिंगच्या वाट्या दाबून बसतात, तिथेही थर चढला तर वाटी बसताना ट्यूब फाटेल एवढा जोर लागतो, म्हणून तोंडाची आतली कड झाका. वाट्या, कोन, छर्रे बसतात ते भाग प्लेटिंगला देऊच नका.

नंतर टॅप किंवा डाय (आटे पाडायची हत्यारं) फिरवायची वेळ आलीच तर एक लक्षात ठेवा. इतर ब्रिटिश सायकलींना इंचाला २४ आटे असायचे, रॅलेच्या नॉटिंगहॅमच्या सायकलींना २६. डोळ्याला फरक कळत नाही आणि २४ ची डाय २६ वर फिरवली की दांडा कामातून गेला. आसनसोलच्या सायकलवर आधी आट्यांचा गेज लावून मोजा, मगच हत्यार घ्या.

सातारी_गिअर

माझ्या स्पोर्ट्स सायकलचं हँडल आणि क्रँक ॲल्युमिनियमचे आहेत. तेही ह्याच लॉटमध्ये देऊ का?

भोसरीकर_बफवाला

नको. ॲल्युमिनियमची प्रक्रिया वेगळी, आधी जस्ताचा झिंकेट थर द्यावा लागतो. लोखंडाच्या कॉस्टिकमध्ये ते गेलं तर खळखळ फेस येऊन विरघळायला लागेल. आधीच ॲनोडाइज (विजेने ऑक्साइडचा थर दिलेलं) केलेलं असेल तर तो थरही काढावा लागतो. चांगलं पॉलिश करून ठेवा, ॲल्युमिनियम तसंच शोभतं.

मिरजेचा_पाना

माझ्याकडे खोगिराच्या जुन्या स्प्रिंगा आहेत, त्यावर जुनं क्रोम अर्धवट राहिलंय. ऑनलाइन घरगुती प्लेटिंगचे व्हिडिओ पाहिले. बॅटरी चार्जर आणि क्रोमिक ॲसिड आणून छोट्या वस्तू घरीच कराव्यात असा विचार आहे. जुनं क्रोम तर हायड्रोक्लोरिकमध्ये निघतं म्हणतात.

पोलाद_आणि_पाणी

कृपया करू नका. अगदी कळकळीने सांगते.

क्रोमिक ॲसिडमधलं क्रोमिअम सहा संयुजेचं असतं आणि त्यामुळे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध आहे. टाकीत वीज सोडली की हायड्रोजनचे बुडबुडे फुटतात आणि त्याबरोबर ॲसिडचं धुकं हवेत उडतं. ह्या धंद्यातल्या जुन्या कामगारांच्या नाकाच्या पडद्याला आरपार भोक पडलेलं असायचं, हातावर न भरणाऱ्या जखमा असायच्या. कारखान्यात शोषक पंखे, धुकं दाबणारी रसायनं, सांडपाण्याची प्रक्रिया असते. आपल्याकडे नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात सहा संयुजेच्या क्रोमिअमची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. घरातली एक बादली मोरीत ओतली तर ती मर्यादा किती पटींनी ओलांडली जाईल ह्याचा विचार करा.

जुनं क्रोम हायड्रोक्लोरिकमध्ये निघतं हे खरं आहे, पण ते हिरवं पाणी आणि खालचं निकल काढायचं द्रावण, दोन्हीची विल्हेवाट घरी लावता येत नाही. जुनं क्रोम आणि निकल शॉपलाच काढू द्या. तेही पूर्ण काढू द्या, कारण जुन्या क्रोमवर नवं निकल धरत नाही, आणि अर्धवट निघालेल्या निकलची कड नव्या थराखालून पायरीसारखी दिसते.

आता स्प्रिंगा. तिथे दुसरा धोका आहे, हायड्रोजनचा. ॲसिडमध्ये बुडवताना आणि वीज सोडताना हायड्रोजन तयार होतो, त्यातला काही पोलादात शिरतो. साधं मऊ पोलाद तो सहन करतं. कडक पोलाद, म्हणजे ज्याची ताकद साधारण १००० मेगापास्कलच्या वर असते ते, ठिसूळ होतं आणि भार असताना काही तासांनी किंवा दिवसांनी अचानक तुटतं. स्प्रिंगा त्यातच येतात. उपाय म्हणजे प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत भट्टीत घालून १९० ते २२० अंश सेल्सिअसला किमान चार तास, जास्त कडक पोलादाला त्याहूनही जास्त वेळ ठेवणं. शॉपकडे ही सोय नसेल तर स्प्रिंगा देऊ नका, काळ्या रंगात ठेवा. खोगिराखालची स्प्रिंग चालत्या सायकलवर तुटली तर माणूस पडतो.

जुन्नर_ते_जर्मनी

मग रेनॉल्ड्सच्या नळ्यांच्या फ्रेमचं काय? माझ्याकडे ५३१ ची एक आहे, मागची खालची टोकं क्रोमची आहेत.

पोलाद_आणि_पाणी

५३१ ही १९३५ सालची मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाची नळी. ती क्रोम करायची पद्धत जुनीच आहे, कित्येक चांगल्या रेसिंग फ्रेमवर टोकं आणि लग क्रोमचे असत. ॲसिडमध्ये कमीत कमी वेळ, शेवटची विजेची धुलाई वस्तू धन ध्रुवाला लावून, आणि नंतर भट्टी, एवढी काळजी घेतली की चालतं. ७५३ सारखी उष्णतेने कडक केलेली पातळ नळी असेल तर मी हात लावणार नाही. तुमच्या सेन-रॅलेच्या चिमट्याला हायड्रोजनची फार चिंता नाही, रंकाळा_पेडल, तरी भट्टीची सोय असेल तर करून घ्या. झाळीच्या पितळाला २०० अंशांनी काही होत नाही.

नॉटिंगहॅमकर

युरोपात आता बऱ्याच शोभेच्या कामाला तीन संयुजेचं क्रोम वापरतात. रंग किंचित गडद वाटतो, पण धोका खूप कमी. तुमच्याकडे कोणी करत असेल तर सगळे भाग एकाच टाकीतून करून घ्या, नाहीतर हँडलची आणि चिमट्याची छटा शेजारी ठेवल्यावर वेगळी दिसेल.

रंकाळा_पेडल

ताई, काका, नॉटिंगहॅमकर, तुम्ही सगळ्यांनी एवढा वेळ देऊन लिहिलंत, खूप बळ आलं.

दोन खड्डे पितळाने भरून कानस मारली. भोकं पाडली, पाणी मोकळं वाहतंय. आट्यांवर जुने नट चढवलेत, गेजने मोजले तर २६ निघाले. उद्यमनगरातच एक शॉप मिळालं, मालकाने टाक्या दाखवल्या, निकलला किती वेळ ठेवणार तेही सांगितलं. त्यांच्याकडे माझा नंबर पुढच्या आठवड्यात आहे. तोवर घासलेलं लोखंड ह्या दमट हवेत ठेवायचं कसं? आणि नेऊन देताना काही सांगायचं राहिलंय का?

भोसरीकर_बफवाला

पातळ मशीन ऑइलचा हात फिरवा आणि कोऱ्या कागदात गुंडाळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, आत दव धरतं. सिलिकॉनचा स्प्रे अजिबात नको, तो कोणत्याही धुलाईला सहज निघत नाही आणि वरचा थर सोलतो. घासलेल्या भागाला उघड्या हाताने धरू नका, बोटांच्या ठशाचा गंज रात्रीत उठतो.

शॉपवर धुलाई झाल्यावर उभे राहता आलं तर राहा. वस्तू पाण्यातून वर काढली की पाण्याचा पडदा अखंड राहिला पाहिजे. कुठे पाणी फाटून थेंब झाले तर तिथे तेल किंवा बफचा मसाला आहे, परत धुवायला सांगा. मसाला जुना होऊन वाळला की निघायला फार त्रास देतो, म्हणून बफ मारल्यावर दोन दिवस पडून राहू देऊ नका म्हणावं. मालक चांगला असेल तर राग मानणार नाही, उलट त्याला बरं वाटेल की गिऱ्हाइकाला कळतंय.

क्राउन आणि पात्यांच्या बेचक्यात क्रोम पोचायला अवघड जातं. क्रोम कडेला आणि टोकाला धावतं, खोलगट जागा टाळतं. तिथे पिवळट निकल उघडं राहिलं तर ते म्हणतील "चालतंय." चालवून घेऊ नका. बेचक्यात जादा ॲनोड (धन ध्रुवाला जोडलेला तुकडा) लावता येतो, आधीच विचारून ठेवा.

आणि टांगायचं कसं ते सांगा. जिथे तार किंवा जिगचा (वस्तू टांगायच्या सांगाड्याचा) संपर्क येतो तिथे डाग राहतो. तार दांड्याच्या वरच्या टोकाला, हेडसेटच्या नटाखाली झाकलं जाईल तिथे बांधायला सांगा, दिसणाऱ्या पात्यावर नको. चिमटा थोडा तिरका टांगा, म्हणजे आत शिरताना हवा वरच्या भोकातून निघेल आणि बाहेर काढताना पाणी खालच्या भोकातून गळेल. एका टाकीतून दुसऱ्या टाकीत जाताना तो निथळू द्यायचा, आतलं ॲसिड निकलच्या टाकीत गेलं तर त्यांचीच टाकी बिघडते. हे सांगितलंत तर ते स्वतःहून थांबतील.

रंकाळा_पेडल

दांड्याच्या टोकाला तार बांधायची खूण पेंटने करून ठेवतो, आणि दोन्ही भोकांवर खडूने बाण काढतो, म्हणजे टाकीवरच्या माणसाला विचारावं लागणार नाही. काम झालं की बेचक्याचे फोटो इथेच टाकतो.

भोसरीकर_बफवाला

पेंट नको. टाकीत विरघळेल. तांब्याच्या तारेचा एक वेढा तिथेच घालून द्या.

रंकाळा_पेडल

बरं झालं सांगितलंत काका. तसंच करतो.